मोहाच्या झाडाआडचं थ्रीजी

मोबाइलवर समोरच्याचा चेहरा दाखवणारं थ्रीजी आमच्या जिल्ह्यात येऊ लागलं, तेव्हा मी टॉवरच्या ठेकेदाराकडे तंत्रज्ञ होतो. कुडव्याहून सकाळी दुचाकी काढायची आणि इटियाडोह धरणाच्या कालव्याकडच्या गावांत डिश बसवत फिरायचं. एका टॉवरवरच्या डिशला दूरच्या टॉवरवरची डिश सरळ दिसली पाहिजे, मध्ये काही आडवं येता कामा नये, एवढं कळलं की अर्धं काम आलं. मला सगळंच येतं अशी माझी समजूत होती.

एका गावात फाल्गुनात पाहणी केली, चैत्रात डिश बसवली. काम झकास झालं. पण ज्येष्ठ सरता सरता थ्रीजी रडायला लागलं. मी केबल बदलली, डिशमागचा डबा बदलला, विजेला शिव्या घातल्या. फरक शून्य.

टॉवरशेजारी शेत असलेली एक मावशी रोज विचारायला यायची. तिची मुलगी पुण्यात बाळंत झाली होती. भाताची रोवणी तोंडावर, घरात दुसरं माणूस नाही, म्हणून मावशीला जाता येत नव्हतं. नातू बघता यावा म्हणून मुलीनं नवा फोन पाठवला होता.

"काऊन बाबू, आज तरी दिसंल का पोट्टा?"

"होऊन राहिलं मावशी, वरूनच प्रॉब्लेम आहे," मी ठोकून द्यायचो.

एके दिवशी टॉवरवर चढून डिशच्या मागून पाहिलं आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. समोरच्या टेकाडावरचा मोह पानांनी गच्च भरला होता. पाहणीच्या वेळी तो उघडाबोडका होता, आरपार दिसत होतं. बाहेरचा कोणी चुकला असता तर समजण्यासारखं होतं. मी तर लहानपणी मोहफुलं वेचत वाढलेला.

डिश आणखी वर न्यायला टॉवरवर जागा नव्हती, झाडच छाटावं लागणार होतं. आणि मोह मावशीचाच होता. त्याची फुलं विकून तिनं मुलीला शिकवलं होतं. मी खाली उतरून तिला सगळं सांगितलं, माझ्या थापांसकट.

"तुले झाड दिसलं नाही?"

"तेव्हा पानं नव्हती मावशी."

"मोहाले पानं येतेत, हे माहीत नव्हतं?"

ती मला घेऊन टेकाडावर झाडाखाली गेली आणि वर बघून म्हणाली,

"वरच्या दोन फांद्या काप. बाकीच्याले हात लावू नोको."

गावातल्या एकानं चढून फांद्या तोडल्या. तेवढा वेळ मावशी पाठ करून उभी होती. मग तिथूनच फोन लावला. मुलीचा चेहरा आला, कुशीतलं बाळ आलं, अगदी स्वच्छ. मावशी पदरानं आधी काच पुसायची, मग डोळे.

तेवढ्यात मुलगी म्हणाली, "आई, याले आपला मोह दाखव ना."

मावशीनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग ती झाडाला वळसा घालून पलीकडे गेली आणि न तोडलेल्या बाजूनं फोन वर धरला.