कोऱ्या पाठीचा शर्ट

कपडा हातात आला की ते आधी तो उलटा करायचे. कॉलर, काखा, खिशाची आतली बाजू. दोन बोटांत कापड चोळायचे आणि तुमच्याकडे न बघताच म्हणायचे, "तू डावरा हायेस नं?"

पहिल्यांदा मी दचकलोच. मी डावखुरा आहे हे त्यांना कोण सांगणार? नोकरीला लागून मला जेमतेम सहा महिने झाले होते.

"डावा खिसा फाटलाय, उजवा नवा हाय," ते म्हणाले, आणि नव्या युनिफॉर्मची जोडी खिडकीतून पुढे सरकवली.

रबाळ्याच्या एका केमिकल कारखान्यातली ही गोष्ट, ऐंशी सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली. मी लॅबमध्ये होतो आणि ते युनिफॉर्मच्या स्टोअरमध्ये. वय पन्नाशीचं, अंगाने काटक, करावे गावचे. त्यांची भातशेती नव्या शहरासाठी गेली आणि तिच्या बदल्यात ही नोकरी मिळाली. सगळे त्यांना दादा म्हणत. नाव मी मुद्दामच लिहीत नाही.

वर्षाला दोन जोड्या मिळायच्या, जुन्या परत द्यायच्या. त्या परत घेताना दादा काय बोलतील याची मोठमोठ्यांना धास्ती असायची. एका सुपरवायझरची पँट उलटीसुलटी करून ते सगळ्यांदेखत म्हणाले होते, "साहेब, गुडघे कोरे न् बूड झिजलंय. खुर्ची चांगली हाय वाटतं." तो बिचारा पुढच्या वर्षीपासून शिपायाच्या हाती कपडे पाठवू लागला.

त्या साली आमच्या नाटकमंडळाने कामगारांच्या नाट्यस्पर्धेसाठी एक नाटक बसवायला घेतलं. महायुद्धात बाँब पडून जग बेचिराख झालंय, आणि उरलेले तीन सैनिक पाणी शोधत हिंडताहेत. त्यातला एक मी. ठाण्याहून हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचं लष्करी कापड आणून तीन जोड्या शिवून घेतल्या. अंगावर चढवल्या तर आम्ही जग बुडाल्यावर उरलेली माणसं न दिसता बँडवाले दिसायला लागलो. पॅकिंग खात्यातले एक साहेब दिग्दर्शक होते. ते म्हणाले, "टेन्शन नको. चिखल फासू, झालं काम."

दादा दारात उभे राहून बघत होते. "चिखल फासलेला मानूस पडलेला दिसंल," ते म्हणाले. "उरलेला नाय दिसायचा. माज्याकडं द्या."

त्यांनी आधी आम्हाला आठ दिवस तेच कपडे घालून कामावर यायला लावलं. "पयलं मानसाला कपऱ्यात शिरू दे, मंग फाडू." मग ते तिन्ही जोड्या करावे गावी घेऊन गेले आणि खाडीत, जाळी बांधायच्या खुंटांना बांधून आले. चार दिवस भरती-ओहोटी. दुसऱ्या दिवशी ओहोटीला कालवं काढायला गेलेल्या बायांनी बघितलं तर पाण्यात बिनडोक्याचे तीन सोल्जर हात पसरून उभे! आरडाओरडा करत बाया गावात पळाल्या, पोलीसपाटील धावत आला. हे सांगताना दादा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

मीठ खाऊन, ऊन खाऊन कपडे परत आले तेव्हा हिरवा रंग उडाला होता, तपकिरी तेवढा राहिला होता. मग दादांनी बंदुकीच्या पट्ट्याखालचा खांदा विटेने घासला, गुडघे कालवांच्या शिंपल्यांनी, आणि पँटच्या पायांच्या कडांचे धागे सुईने ओढले. प्रत्येकाला विचारायचे, हात कुठं पुसतोस, झोपतोस कुठल्या कुशीवर. आणि फाडून झालं की तेच पुन्हा शिवायचे, वेड्यावाकड्या टाक्यांनी, रंग न जुळणाऱ्या दोऱ्याने.

"आता शिवता कशाला?" मी विचारलं.

"फाटलं की मानूस शिवतो. जित्ता हाय तवर शिवतो."

माझा शर्ट त्यांनी शेवटी घेतला. माझ्याकडून लॅबमधली काचेची कांडी आणि थोडं ॲसिड मागून घेतलं. "हात वर कर. डोक्यावरचं चाक फिरवतंस असं." मी तसा उभा राहिलो. त्यांनी खडूने छातीवर आणि बाह्यांच्या आतल्या बाजूला खुणा केल्या. नंतर शर्ट टेबलावर पसरून त्या खुणांवर एकेक थेंब सोडत गेले. कापड तपकिरी होऊन जाळीसारखं विरघळायचं. सोड्याच्या पाण्यातून काढून त्यांनी शर्ट वाळत घातला, तेव्हा पुढून चाळण झाली होती आणि पाठीवर एकही भोक नव्हतं.

दिग्दर्शक वैतागले. "अहो, पाठ कोरीच राहिली. प्रेक्षकांना खटकेल."

"खटकू दे," दादा म्हणाले. "पाठ तशीच ऱ्हाईल." एरवी थट्टा करणाऱ्या माणसाचा तो आवाज ऐकून साहेबांनी तालीम सुरू केली.

स्पर्धेआधीचा एक प्रयोग कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये ठेवला होता, रविवारी दुपारी, घरच्या मंडळींसाठी. टेबलं जोडून स्टेज केलं. तिसऱ्या प्रवेशात मला पाण्याच्या पाइपावरचं गंजलेलं चाक सापडतं. मी दोन्ही हात वर करून ते धरलं, आणि समोरून आवाज आला, "थांबा."

कॅन्टीनमध्ये भाकऱ्या करणारी एक बाई उभी राहिली होती.

तिच्याबद्दल आधी सांगायला हवं. ती साताऱ्याकडची. तिचा नवरा आमच्याकडे ऑपरेटर होता. चार वर्षांपूर्वी तापलेल्या ॲसिडचा पाइप फुटला, त्यात तो गेला आणि दोघं भाजले. चौकशीत लिहिलं गेलं की ऑपरेटर घाबरून डोक्यावरच्या व्हॉल्व्हचं चाक तसंच उघडं टाकून पळाला, म्हणून बाकीचे भाजले. धुरात कुणाला काही दिसलं नव्हतं, त्यामुळे तेच खरं ठरलं. तिला कॅन्टीनमध्ये काम दिलं, पण भाजलेल्यांच्या बायका तिच्या शेजारी बसत नसत. कुणी काम अर्धं टाकून उठला की पोरं हसून म्हणायची, "काय रे, त्याच्यासारखा पळालास?" ती समोर ताट वाढत असतानाही पोरं हे म्हणायची. मीही म्हटलंय.

ती टेबलांपाशी आली. माझ्या शर्टाकडे बोट करून म्हणाली, "ह्यांच्या छातीवर, हातांवर अशाच खुणा होत्या. हा कुणी असा जाळला?"

"मी," मागून दादा म्हणाले.

ते पुढे आले. दोनशे माणसं वळून बघत होती.

"बाय, तुज्या नवऱ्याचा शर्ट असाच आलता माज्याकडं. छाती जललेली, हात आतून जललेले. पाठ सफा. पलनाऱ्या मानसाची पाठ जलतं. तो पलला नाय. तो चाक फिरवत व्हता, शेवटपत्तूर."

मी दोन्ही हात वर धरून तसाच उभा होतो. ते खाली घ्यायचे असतात हेही मला सुचलं नाही.

"तो शर्ट कुठाय?" तिने विचारलं.

"बॉयलरात टाकला. वरच्या साहेबानं सांगितलं टाक, न् मी टाकला."

"आणि चार वर्षं तुम्ही मला रोज बघत होता?"

"व्हय."

"रोज माझ्या हातची भाकरी खात होता?"

दादांनी मान खाली घातली. "भ्यालो, बाय. जमीन गेलती. ही नोकरी पन गेली असती तं खाल्लं काय असतं?"

ती माझ्याकडे वळली. मला फक्त म्हणाली, "भाऊ, तो काढून द्या." मी सगळ्यांसमोर शर्ट काढून दिला. तिने घडी घातली आणि ती निघून गेली. नाटक तिथेच थांबलं. पुढे स्पर्धेलाही आम्ही गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी दादांनी युनियनच्या ऑफिसात बसून जबाब दिला. तो लिहिला मी, खाली सही त्यांची. आठवड्याच्या आत त्यांना निलंबित केलं. ते पुन्हा कामावर आले नाहीत. युनियनने प्रकरण सोडलं नाही. वर्षभराने नवी चौकशी झाली आणि 'कर्तव्य बजावताना मृत्यू' असं लिहिलेला कागद गेटवरच्या फळ्यावर लागला. भाजलेल्यांपैकी एक जण तो वाचून सरळ कॅन्टीनमध्ये गेला आणि तिच्या पाया पडला. ती कणीक मळत होती. मळतच राहिली.

दादांना भेटायला मी करावेला दोनदा गेलो. ते जाळी विणत बसायचे, कारखान्याचा विषय काढायचे नाहीत. एकदाच विचारलं, "ती बोलती का कुनाशी?" मी हो म्हटलं. "माज्याबद्दल?" मी नाही म्हटलं.

ते गेल्याचं मला उशिरा कळलं. गेलो तेव्हा बारावं होऊन गेलं होतं. त्यांच्या बायकोने ओटीवर चटई टाकली.

"बाराव्याला एक बाय आलती," त्या म्हणाल्या. "कोन, कुटली, कायच सांगितलं नाय. सकाली येऊन चुलीपुडं बसली. गावजेवन व्हतं, सगल्या भाकऱ्या तिनंच केल्या. आमी म्हटलं जेव, तं नको बोलली."

मी ती कोण ते सांगितलं. त्यांनी दादांचं अर्धवट विणलेलं जाळं मांडीवर ओढून घेतलं.

"जेवली नाय," त्या म्हणाल्या, "पन जाताना पानी मागून पिली."