पास्कूची भरणी

पास्कू गेल्याचा फोन आला तेव्हा मी शेडमध्ये पिल्लांच्या पाण्यात अँटिबायोटिकची पावडर ढवळत होतो. खरं सांगायचं तर पहिला विचार दुःखाचा नव्हता. आता वालावलीत ब्रॉयलरवाला मी एकटाच, हा होता... मग लाज वाटली आणि बादली तशीच टाकून धावलो.

आमच्या शेड शेजारी शेजारी. पिल्लं एकाच गाडीतून यायची, खाद्यही एकच. तरी त्याचे पक्षी टवटवीत आणि माझे मरगळलेले. पावडर त्याने कधीच बंद केली होती. "जंतूंका सवय लागता रे बाबल्या. उद्या आपल्याच पोरांका औषध लागूचा नाय," म्हणायचा. तांदळाच्या धुवणात दूध घालून तो चिनीमातीच्या भरणीत आंबवायचा आणि ते आंबट पाणी पक्ष्यांना पाजायचा. त्यातले चांगले जंतू वाईटांना पोटात जागाच देत नाहीत, असं त्याचं म्हणणं. पाहुणे आले की माझी बायकोसुद्धा कोंबडी त्याच्याकडून आणायची. घरची शेड असताना! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एका रविवारी तो चर्चला गेलेला असताना मी त्या भरणीतलं तांब्याभर पाणी चोरलं आणि माझ्या टाकीत ओतलं. टाकीत मी ब्लिचिंग पावडर न चुकता टाकतो. स्वच्छतेत माझा हात कोणी धरणार नाही. गुण शून्य, पिल्लं मेली ती मेलीच. मग नाक्यावर मीच सांगत सुटलो, पास्कूचं आंबट पाणी म्हणजे थोतांड. त्याच्या कानावर गेलंच असणार. तो मात्र भेटला की पूर्वीसारखाच हसायचा, आणि त्या हसण्याचाही मला राग यायचा.

तो गेल्याला महिना झाला तेव्हा चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थनेची मिसा झाली, त्यानंतर त्याच्या बायकोने, मोनिकाने, एक भरणी माझ्या हातात दिली. "ह्यांनी तुमकाच देवक सांगल्यानी." झाकणावर चिकटवलेला कागद पिवळा पडला होता. त्यावर पास्कूचं अक्षर: "बाबल्या, ब्लिचिंगच्या पाण्यात घालू नको. चांगले जंतूय मरतत. मागच्या खेपेक तसांच झालां."

म्हणजे सगळं ठाऊक होतं त्याला... मी मागायला येईन म्हणून कागद लिहून वाट बघत राहिला. मी गेलोच नाही.

आता भरणी माझ्या पडवीत असते. अँटिबायोटिकची पावडर बंद केली. रोज सकाळी थेट विहिरीच्या पाण्यात तिच्यातलं थोडं कालवतो. परवा बायकोने प्रथमच घरच्या शेडमधली कोंबडी रांधली. एक घास खाल्ला आणि म्हणाली, "अगदी पास्कूच्या कोंबयेसारखी लागता!"

ताटावरून उठणारच होतो. पण मग मुकाट्याने आणखी वाढून घेतलं.