बीट नको, बाटली नको

नवरा गेल्यावर दुर्गाबाईंनी त्याचा हातोडा उचलला, तेव्हा कसबा पेठेतल्या तांबट आळीने नाकं मुरडली होती. बाईमाणूस घंगाळ ठोकणार? दुर्गाबाईंनी ठोकलं, आणि पहिलं घंगाळ नाक मुरडणाऱ्याच्याच घरी विकलं. पुढे मूत्रपिंडं निकामी झाली, डायलिसिस सुरू झालं, तरी हातोडा सुटला नव्हता. या उन्हाळ्यात मात्र सुटला. चार घाव घातले की डोळ्यांपुढे अंधारी यायची. हिमोग्लोबिन साडेसहावर आलं होतं.

धाकटे दीर तात्याराव रोज बिटाचा रस घेऊन हजर.

"वहिनी, यानं रक्त वाढतं."

"भाऊजी, माझं पोटॅशियम वाढतं. काळीज बंद पाडायचंय का माझं? अहो, अंगात लोहाचा माल आहे, कामाला लावणारा मुकादम नाही. मूत्रपिंडातून हार्मोन सुटलं, तरच हाडांतली मज्जा लाल पेशी घडवते. म्हणून तर त्याच हार्मोनचं इंजेक्शन घेते."

"मग रक्त चढत का नाही?"

दुर्गाबाईंनी रसाचा पेला त्यांच्याकडे परत सरकवला.

डायलिसिसच्या खोलीत तरुण डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाला, "काकू, आज रक्ताची बाटली लावू."

"नाही लावायची."

"अहो, हट्ट कसला करताय?"

"मांजरी गावात राहणारी माझी बहीण राधा मला मूत्रपिंड देणार आहे. तुमच्याच मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय, परक्याचं रक्त घेतलं तर शरीर परक्याशी भांडायला शिकतं. मग बहिणीचं मूत्रपिंडही जुळायचं नाही. जीवावर बेतलं तर लावा. आज तुमच्याशी भांडतेय, म्हणजे अजून धुगधुगी आहे."

डॉक्टरने छाती तपासली, रक्तदाब पाहिला. "छातीत दुखलं किंवा दम लागला, तर मी ऐकणार नाही."

"तेव्हा मीच हाक मारीन."

सिस्टर पूर्वाने त्यांनी घरून आणलेल्या इंजेक्शनचा स्टीलचा डबा उघडला. एरवी इथे पोचेपर्यंत आतला बर्फ वितळून जाई. आज उन्हाच्या धास्तीने दुर्गाबाईंनी दुप्पट भरला होता. पूर्वाने सिरिंज उजेडात धरली. आतलं औषध गोठून दगड झालं होतं.

"हे घरी कुठे ठेवता?"

"फ्रीजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात. थंड ठेवा म्हणालात ना? मग मी कसर कशाला ठेवू?"

"काकू, थंड ठेवायचं, गोठवायचं नाही! गोठलं की औषध बिघडतं. इतके दिवस तुम्ही फुकटच टोचून घेतलंत."

दुर्गाबाईंनी सिरिंज हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली.

"चूक माझी," त्या म्हणाल्या. "पण बाटली तरीही नको. चांगलं इंजेक्शन द्या."

घरी आल्या आल्या त्यांनी फ्रीजचा खालचा कप्पा रिकामा केला. "भाऊजी, तुमचं बीट बाहेर, माझं औषध आत."

हिमोग्लोबिन सावकाश चढलं, कुरकुरत, दहाच्या जवळ. बाटली लागली नाही. गणपती उठल्यावर दोघी बहिणींचं रक्त पुन्हा जुळवून पाहिलं गेलं, आणि राधा रिपोर्ट घेऊन आळीच्या तोंडाशी आली तर आतून ठोके ऐकू येत होते.

"ताई, जुळलं गं! आता तरी तो हातोडा खाली ठेव."

"ऑपरेशनला ठेवीन," दुर्गाबाई म्हणाल्या. "तोवर जरा हा काठ धर. घंगाळ तुझंच आहे."