पल्स जनरेटरचं नाव

"सर, आपका नाम बताइए," नानाखेड्याच्या हॉस्पिटलात डॉक्टर खाटेवर पडलेल्या आमच्या प्राध्यापक सरांच्या कानाशी मोठ्याने म्हणाले. सर नुसते छताकडे बघत राहिले. मला कॉलेजातली आमची प्रयोगशाळा आठवली, तापलेल्या धुळीच्या वासासकट.

तिथे एक पल्स जनरेटर होता, ठरावीक अंतराने विजेचे ठोके देणारं यंत्र. कॉम्प्युटरवर हुकूम टाईप केला की तो ऐकायचा. पण सरांचा नेम असा, की कामाला लावण्याआधी तो ऐकतोय ना हे बघायला कॉम्प्युटरवरूनच त्याला त्याचं नाव विचारायचं. एका दुपारी उत्तरच येईना.

"सर, बंद करून परत चालू करू?" मी म्हणालो.

"जल्दी कसली रे? विचारलंय ना, मग थांब." सर हनुवटीला हात लावून बसले. बऱ्याच वेळाने पडद्यावर हिरव्या अक्षरांत नाव उमटलं. टेबलावर थाप मारून ते म्हणाले, "बघ, आहे तो!"

डॉक्टरांनी पुन्हा एकदा नाव विचारलं, मान हलवली आणि पुढच्या खाटेकडे वळले. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी स्टूल ओढून सरांसमोर बसलो. खिडकीतलं ऊन गेलं. सरांची नजर छतावरून हलली नाही.

"तू घरी जा रे आता," काकू म्हणाल्या.

"विचारलंय ना, काकू," मी म्हणालो. "थांबतो."