नव्या टीव्हीतलं धूसर चित्र

नव्या थर्माकोलचा वास आला की ढोकीचं घर आठवतं. वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आम्ही मोठा एचडी टीव्ही घेतला होता. चित्र जरा धूसरच होतं, पण नव्याच्या हौसेत आम्ही सगळे “लई भारी दिसतंय” म्हणत राहिलो. वडील मात्र गप्प झाले, जेवणही कमी झालं. आठवड्यानं केबलवाला आला आणि म्हणाला, “टीव्ही एचडी हाय, पण बॉक्स जुनाच हाय की. चित्र साफ येणारच न्हाय.” त्यानं नवा बॉक्स जोडला, तर कुस्तीतल्या पैलवानाच्या पाठीवरची मातीसुद्धा दिसली. वडील आईला हळूच म्हणाले, “मला वाटलं, डोळंच गेलं.” तेव्हा मला हसू आलं होतं. पुढच्या आठवड्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, आणि त्यांचे ते आठ दिवस आत्ता कुठं कळताहेत.