पडदे लावून केलेलं शूटिंग

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण उजेडाच्या बाबतीत फजिती झाली आणि तीही अस्सल नागपुरी माणसाची. आयुष्यभर शाळेत पीटी शिकवली मी. मे महिन्यात बोडक्या डोक्याने मैदानावर उभा राहणारा माणूस! उन्हाची काय बिशाद?

गेल्या उन्हाळ्यात माझ्या मूत्राशयात कॅन्सरची गाठ निघाली. ऑपरेशनच्या आधी डॉक्टर मॅडमनी एक औषध पाजलं. त्याने निळ्या दिव्याखाली गाठ गुलाबी चमकते म्हणे, लपलेलीही सापडते. पण त्या औषधाने कातडीही हळवी होते. म्हणून दोन दिवस ऊन आणि प्रखर उजेड टाळा, असं त्यांनी बजावलं. मी ऐकलं फक्त ऊन.

गाठ पूर्ण निघाली. दुसऱ्या दिवशी चादर पांघरून नंदनवन कॉलनीतल्या घरी आलो. सुमनने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, खिडक्यांना जाड पडदे लावून ठेवले होते. अंधारात मी राजासारखा बसलो.

संध्याकाळी शेजारचे बंडूभाऊ आले. ते लग्नांचं शूटिंग करतात. म्हणाले, "सर, कॅन्सरले हरवलं तुम्ही. दोन शब्द बोला, कॉलनीच्या ग्रुपवर टाकतो." मग काय विचारता? मी इस्त्रीचा कुर्ता चढवला. खोलीत अंधार, म्हणून त्यांनी लग्नातला मोठा लाइट आणून माझ्या उजव्या गालाजवळ उभा केला.

सुमन म्हणाली, "अहो, मॅडम उजेडाचंही काही सांगून राहिल्या होत्या नं?"

"ते उन्हाचं होतं वं. लाइटले कोणी ऊन म्हणते का?"

दोन शब्द चांगलेच लांबले. गाल चुरचुरायला लागला, तर मला वाटलं, भाषणाचं तेज चढतंय!

सकाळी आरशात पाहिलं. उजवा गाल आणि कान लालभडक, डावी बाजू जशीच्या तशी. आधी सुमनवरच चिडलो, पडदा कोणी उघडला म्हणून. तिने मला एकेक खिडकी दाखवली आणि मॅडमना फोन लावला. उन्हात गेला होतात का, असं त्यांनी विचारलं. मी छातीठोक सांगितलं, एक किरण अंगावर पडू दिला नाही. त्या काळजीत पडल्या. दुसरीच काही रिॲक्शन असेल म्हणून त्यांनी त्वचेच्या डॉक्टरांनाही विचारलं. मग पुरावा म्हणून मी माझा व्हिडिओच पाठवला. त्यात मी ठणकावून सांगितलं होतं ना, की पथ्य काटेकोर पाळतोय!

थोड्या वेळाने मॅडमचा फोन आला. आवाजात दाबलेलं हसू होतं.

"सर, पथ्याबद्दल फार छान बोललात. पण तोंडावर एवढा उजेड कशाचा पडलाय?"

मलम लावून गाल बरा झाला. पुढची तपासणीही साफ निघाली. व्हिडिओ मात्र मॅडम आता प्रत्येक नव्या पेशंटला दाखवतात, काय करू नये ते समजावायला. परवानगी मीच दिली, आनंदाने.

परवा दवाखान्यात गेलो, तर बाकावरच्या बाईंनी नवऱ्याला कोपराने ढोसलं. "पहा नं, हेच ते लाइटवाले सर."

खोटं कशाला सांगू? मी उठून नमस्कार केला.