आयलंडचे विनोदवीर आणि आपल्याकडचा गडी

माझा आतेभाऊ कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी डब्लिनला गेला, तेव्हा आत्याने गावभर पेढे वाटून पोरगा आयर्लंडला गेला म्हणून सांगितलं. गावाने ते 'आयलंड' असं ऐकलं. आयलंड म्हणजे बेट, एवढं इंग्रजी सगळ्यांना येत होतं, आणि बेट म्हटलं की आमच्या पिंपळगाव बसवंतच्या बाजूला लोकांना एकच बेट आठवायचं, अंदमान. त्यामुळे आत्याकडे बायका यायच्या त्या पेढ्याबद्दल न बोलता तिचा हात हातात घेऊन बसायच्या. एकीने हळूच विचारलं, "पन पोरानं केलं काय व्हतं, अक्का?" त्यानंतर आत्याने उरलेले पेढे घरातच ठेवले.

त्या आयलंडच्या विनोदवीरांनी माझं भलं केलं, असं मी सांगतो तेव्हा नाशिकमधले माझे नाटकवाले मित्र एकमेकांकडे बघतात. त्यांना वाटतं, हा आता परदेशाच्या गप्पा हाणणार. मी पासपोर्टसुद्धा काढलेला नाही. तरी म्हणणं खरं आहे, आणि ते पटवायचं तर आधी गड्याच्या पार्टाबद्दल सांगायला हवं.

नव्वदच्या दशकात मी नाशिकला कॉलेजात शिकत होतो आणि एकांकिकांचं वेड लागलं होतं. आमचा दिग्दर्शक माझ्याहून तीनेक वर्षांनीच मोठा, पण त्याला सर म्हणायची पद्धत होती आणि त्याला ती आवडायची. त्याने माझी दोन वाक्यं ऐकली आणि निकाल लावला, "तू गडी." त्यानंतर नाटक कुठलंही असो, त्यात एक बंगला, बंगल्यात मालक-मालकीण, त्यांचा काहीतरी खोल मानसिक घोळ आणि खांद्यावर पंचा टाकून अधूनमधून पाणी आणणारा मी. नायकाला दु:ख असायचं, मला तांब्या असायचा. मी आत आलो की लोक हसायचे. तोंड उघडायच्या आधीच हसायचे.

खरा वैताग पुढे होता. पहिल्या तालमीत मी आपलं घरी बोलतो तसं म्हणालो, "मालक, पाहुणे आले हाय." सर खुर्चीतून उठले. "हे काय? गावठी नीट बोल. 'मालक, पावनं आल्याती जी' असं म्हण."

मी म्हणालो, "सर, आमच्याकडं असं कोणी बोलत नाय."

"तुमच्याकडं काय बोलतात ते प्रेक्षकांना कळत नाही. गावाकडची भाषा म्हणजे हीच."

ती भाषा कोल्हापूरकडची होती, किंवा तिथलीही नव्हती. तिथल्या माणसाने ऐकली असती तर त्यानेही कपाळाला हात लावला असता. नाटकातल्या सगळ्या गड्यांची मिळून तयार झालेली ती भाषा होती. द्राक्षबागेतून उठून आलेल्या पोराला शहरातला पोरगा गावंढळपणा शिकवत होता, आणि मी तो मन लावून शिकलो. मला उत्तेजनार्थ बक्षीसही मिळालं. उत्तेजन कशाला दिलं, ते मला अजून कळलेलं नाही.

एका प्रयोगाला मी दादांना, म्हणजे वडिलांना, घेऊन गेलो. आमच्या दादांसारखा बोलणारा माणूस मी पाहिलेला नाही. पिंपळगावच्या मार्केटात कांद्याचा टेम्पो लावून लिलावाची वाट बघत ते बोलायला लागले की शेजारचे ड्रायव्हर आपापल्या केबिनमधून खाली उतरत. गोष्ट सांगताना ते कधी स्वत: हसत नसत. त्या दिवशी ते धुतलेली टोपी घालून पहिल्या रांगेत बसले. मी पंचा टाकून आत आलो, 'पावनं आल्याती जी' म्हणालो आणि सभागृह हसलं. दादा हसले नाहीत.

परतताना नाशिकच्या द्वारका चौकात गाडीची वाट बघत उभे होतो. ते म्हणाले, "तो गडी कुठला व्हता रे?"

"कुठला म्हणजे? मीच होतो, दादा."

"तू व्हता ते दिसलं. गडी कुठला? आपल्याकडचा नाय वाटला." आणि वर, "लोकं हसले कशाला तेबी नाय कळलं. पाहुणे आलेत, ह्यात हसण्यासारखं काय हाय?"

त्यानंतर मी बोलावलं की त्यांना बागेला पाणी द्यायचं असायचं. भर पावसाळ्यातही असायचं. मला त्याचं फार वाईट वाटायचं. सगळं सभागृह हसतं आणि ज्याच्यामुळे मला बोलण्याची गोडी लागली तो एक माणूस हसत नाही, हे मनाला लागून राहिलं. ते परत येऊन बसावेत आणि हसावेत, एवढंच मला हवं होतं. ते कसं घडवायचं, ते मात्र ठाऊक नव्हतं.

दोन हजार सालानंतर कधीतरी आतेभाऊ सुट्टीवर आला. आत्यासाठी स्वेटर, माझ्यासाठी सीडींची चळत. "हे बघ," म्हणाला, "आमच्याकडचे विनोदवीर." 'आमच्याकडचे' हा शब्द तो किती सहज म्हणाला, ते मी मनात नोंदवून ठेवलं.

त्याच्या कॉम्प्युटरवर आम्ही दोघं बसलो. मला चार शब्दांतला एक कळायचा आणि तोही बहुधा शिवीचा असायचा. एक पिकल्या केसांचा माणूस खुर्चीवर निवांत बसला होता. आईचा चष्मा हरवला, इथून त्याने सुरुवात केली. तिथून तो चर्चच्या पाद्र्याकडे गेला, तिथून काकाच्या गाईकडे, तिथून कुणाच्या तरी मयताला. चष्म्याचं त्याला काही पडलेलंच नव्हतं. लोकांची हसून मुरकुंडी वळत होती आणि विनोद अजून सुरूच झालेला नव्हता. दुसऱ्या सीडीत एक बाई देवाशी भांडत होती, शेजारणीने नळ चालू ठेवल्यावर भांडावं तशी. तिसऱ्यात एक चिडका तरुण न आलेल्या बसवर तासभर बोलला.

भाऊ मधेमधे मराठीत सांगत होता, तेही आमच्या मराठीत. "म्हतारी म्हनती, पाद्रीबाबा, पाप केलं नाय, पन संधीबी नाय भेटली." मला तर मूळ माणसापेक्षा भावाचंच ऐकायला जास्त मजा आली.

"हे असे का बोलतात? इंग्रजी नाही वाटत," मी विचारलं.

"तेच तर." भावाने सीडी थांबवली. "इंग्रज लोक विनोद सांगायचे ना, त्यात येडा कायम आयरिश असायचा. बोलायला लागला की लोकं हसले. मंग हे लोकं उठले, लंडनला गेले, खुर्ची टाकली आन् म्हनले, येड्याची गोष्ट हाय ना, मंग येड्याच्याच तोंडून ऐका. बोलणं नाय बदललं. आता तेच इंग्रज तिकीट काढून ऐकत्या."

मी तो माणूस पुन्हा लावायला सांगितला. खरंच, लोक त्याच्या उच्चारांना हसत नव्हते. पाद्र्याला, आईला, मरणाला हसत होते आणि तो त्यांना हाताला धरून तिथवर नेत होता. विनोदाला या मंडळींनी काय दिलं यावर जाणत्यांनी पुष्कळ लिहिलं असेल. मला दिसलं ते इतकंच, की त्यांनी गड्याच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि त्याला बसायला खुर्ची दिली. शेवटच्या वाक्यासाठी धावत सुटायचं नाही, वाटेत भेटेल त्याच्याशी बोलत जायचं, हेही त्यांचंच. मग माझ्या लक्षात आलं, की हे मी पाहिलेलं आहे, पिंपळगावच्या मार्केटात, टेम्पोला टेकून.

भाऊ म्हणाला, "तिकडं मयताच्या घरीबी गोष्टी सांगत्या अन् हसत्या."

"आपल्याकडं दहाव्याला काय होतं मग?" मी म्हणालो, आणि मला माझी गोष्ट सापडली.

आमच्या भागात माणूस गेला की दहाव्या दिवशी घाटावर आधी भाषणं होतात. माइक असतो, सूत्रसंचालक असतो, तालुक्यातले सगळे पुढारी श्रद्धांजली वाहतात. दादांच्या चुलतीच्या दहाव्याची गोष्ट दादा नेहमी सांगत. कावळा वेळेवर येऊन बसला होता, पण भाषणं संपेनात. एक पुढारी दुसरा दहावा उरकून धावतपळत आले आणि तिथलंच भाषण इथे करून मोकळे झाले. "आप्पांनी उभ्या तालुक्यात कुस्ती जिवंत ठेवली," असं ते आमच्या चुलत आजीबद्दल म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. शेवटी कंटाळून कावळा उडून गेला.

शहरात एकपात्री स्पर्धा होती. मी नाव दिलं, कार्यक्रमाचं नाव 'आयरिश पद्धतीचा एकपात्री' असं कळवलं, कारण नुसतं 'दहावा' लिहिलं असतं तर घेतलं नसतं. दादांना म्हणालो, "तुमच्या चुलतीची गोष्ट सांगतोय. गडी नाही." ते म्हणाले, "बागेला पाणी द्यायचंय." पण आले. पाचव्या रांगेत हाताची घडी घालून बसले.

मी खुर्ची टाकली आणि घरच्या बोलीत सुरू केलं. सभागृह गप्प. लोक मालक यायची वाट बघत असावेत. घाट झाला, कावळा झाला, कुस्तीवर थोडा हशा झाला. दादांचा चेहरा तसाच. मी घाईघाईने कावळा उडवला आणि नमस्कार करणार, तोच पाचव्या रांगेतून आवाज आला.

"अरे, म्हाताऱ्याचं राहिलं!"

दादा उभे होते. म्हाताऱ्याचं मी मुद्दामच गाळलं होतं. शहरातल्या लोकांना बरं वाटायचं नाही, असं मला वाटलं होतं.

"माइकवाल्यानं पुढाऱ्याची चूक कानात सांगितली," दादा सभागृहाकडे वळून सांगू लागले, टेम्पोला टेकल्यासारखे पुढच्या खुर्चीला टेकून. "पुढारी माफी मागाया लागले. तव्हा आमचा चुलता, बायको गेलेला मानूस, पुढं बसला व्हता. तो म्हनला, ऱ्हाऊ द्या सायेब. कुस्तीचं खरं हाय. उभा जन्म समोर मीच व्हतो."

छत खाली यायचं बाकी राहिलं. हशा थांबेना. आणि दादा, गोष्ट सांगताना कधीही न हसलेला माणूस, टोपी काढून डोळे पुसत हसत होते. मी खुर्चीवर बसून नुसता बघत राहिलो. मला इतका आनंद त्याआधी कधी झाला नव्हता.

परीक्षकांनी समारोपात माझं कौतुक केलं. प्रेक्षकांत बसवलेला नट फार चांगला निवडला, म्हणाले. फक्त ग्रामीण बोली अस्सल वाटली नाही, त्यावर मेहनत घ्यावी. मला पुन्हा उत्तेजनार्थ मिळालं.

पुढच्या आठवड्यात मी मार्केटात गेलो तेव्हा दादा टेम्पोला टेकून, भोवती ड्रायव्हर जमवून, त्या दिवसाची गोष्ट सांगत होते. नाशिकला त्यांचा कार्यक्रम झाला, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका ड्रायव्हरने विचारलं, "अन् तुमचा पोरगा काय करीत व्हता?"

"तो व्हता की," दादा म्हणाले. "खुर्ची घेऊन आधी गेला व्हता. मी बोलायला उठेपोहोतर लोकं धरून ठेवले त्यानं."

म्हणजे माझा पार्ट पुन्हा गड्याचाच. पण दादांनी माझ्याकडे बघितलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, "चांगला करतो. आपल्याकडचा हाय."